सोडली की सुटली

पत्रकारितेच्या पदविकेला शेवटी तीन महिने एखाद्या वर्तमानपत्रात काम करावं लागतं. माझ्या वर्गातल्या बाकीच्यांना राजकारण हवं होतं, गुन्हेगारी हवी होती. मी खेळाचं पान मागितलं, तर यवतमाळच्या त्या कार्यालयातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कारण खेळाचं असं पानच नव्हतं. शेवटून दुसऱ्या पानाचा खालचा अर्धा भाग होता, आणि मोठी जाहिरात आली की तोही जायचा.

तो अर्धा भाग सांभाळणारे सर यवतमाळचेच होते. वडिलांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान त्यांचा भाऊ चालवत होता आणि दुपारी बातम्यांचा जोर नसला की सर तिथंच जाऊन बसत. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, "क्रीडानगरी दुमदुमली, असं लिहायचं नाही. कधीच कोणती नगरी दुमदुमत नाही. किती लोक होते ते लिही." दुसऱ्या दिवशी सांगितलं, "रेड नाही, चढाई." तिसऱ्या दिवसापासून मी तालुक्यांहून फोनवर येणारे गुणफलक टाइप करायला बसले. फोनवरचे वार्ताहर रेड म्हणायचे, मी चढाई लिहायची. ते म्हणायचे, "मॅडम, गंज पब्लिक होती." मी विचारायची, "गंज म्हणजे किती?" मग ते म्हणायचे, "असतीन दोन-तीनशे."

मी राजूरची. वणीजवळचं खाणीचं राजूर. बाबा खाणीत पंपावर आहेत, आणि आमच्या वसाहतीत मुलींची कबड्डी टीम आहे. बारावीपर्यंत मी त्या टीमचा डावा कोपरा होते. कबड्डीत बचावाच्या दोन टोकांना दोन कोपरे असतात. समोरची चढाईला आली आणि बोनससाठी तिनं पाय आत टाकला की तो पाय घोट्यातून धरायचा, हे कोपऱ्याचं काम. बारावीनंतर मी शिकायला यवतमाळला आले आणि खेळ सुटला. टीम चालूच राहिली. आमची कर्णधार माझी बालपणापासूनची मैत्रीण. ती आता एका शाळेत तासिका तत्त्वावर मुलांना खेळ शिकवते आणि संध्याकाळी टीमचा सराव घेते. आम्ही दोघींनी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर इतकी वर्षं एकमेकींना पाडलं होतं, की तिचा डावा पाय उचलला जाण्याआधी तिची मान किंचित उजवीकडे झुकते हे मला तिच्या आईपेक्षा जास्त माहीत होतं.

जानेवारीत एका सकाळी सरांनी मला बोलावलं.

"घाटंजीले कबड्डी आहे. पुरुषांचे सामने आपला तिथला वार्ताहर पाहीन. उद्घाटनाले मुलींचा प्रदर्शनीय सामना ठेवला, तो तू पाह्य. संध्याकाळच्या बसनं परत ये."

"कोणाकोणाचा आहे सर?"

"घाटंजीजवळच्या एका तांड्याची टीम आहे." मग चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "अन् दुसरी राजूरची."

माझ्या तोंडावर जे काय उमटलं असेल ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, "माझ्या मोहल्ल्याची व्हॉलीबॉलची टीम आहे. तिची मॅच मी कधी कव्हर करत नाही. पाहाले जातो, पण पेन घरी ठेवून. तुले पण पाठवलं नसतं. आज दुसरं कोणी नाही म्हणून जा. बातमीत 'आपला' शब्द दिसला तर मात्र उद्यापासून गुणफलकच टाइप करजो."

मी हो म्हटलं. बसमध्ये बसल्यावर मैत्रिणीला फोन केला आणि सगळ्या रस्ताभर हसत गेले.

घाटंजीला बाजाराचा दिवस होता. स्टँडपासून मैदानापर्यंत भाज्यांचे ढीग, चपलांची दुकानं आणि भज्यांच्या वासातून वाट काढत पोचले. शाळेमागच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखल्या होत्या. माती ओली करून बसवली होती. मंडपात माइक घेऊन एक वयस्कर चाचा बसले होते. त्यांचं गावात मोटर वायंडिंगचं दुकान आहे, पण घाटंजीत कुठलाही सामना असला की समालोचन त्यांचंच, असं तिथल्या एकानं मला सांगितलं. ते मराठीत सुरू करायचे आणि रंगात आले की हिंदीत जायचे.

राजूरची गाडी आधीच आलेली होती. मैत्रीण धावत आली.

"काय वं, पेपरवाली. आमची बातमी मोठी लावजो."

"जिंकाल तर लावीन."

"म्हणजे हरलो तर नाही लावशीन?"

"तरी लावीन," मी म्हटलं, "पण खाली."

तांड्याच्या मुली छोट्या मालगाडीतून आल्या. उतरल्या तेव्हा सहाच होत्या. सातव्या मुलीची पोलीस भरतीची ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख अचानक आली होती आणि ती पहाटेच निघून गेली होती. त्यांच्या कर्णधारानं आयोजकांना हे सांगितलं. ती उंच, बारीक, कमी बोलणारी मुलगी होती. मंडळाचे लोक विचारात पडले. सहा जणींत सामना सुरू कसा करायचा? पाहुणे येऊन बसले होते. कोणीतरी म्हणालं, मुलींचा सामना राहू द्या, सत्कार उरकून पुरुषांचे सुरू करा.

हे ऐकून माझी मैत्रीण पुढे झाली. "आमी पहाटेपासून गाडीत बसून आलो, ते काय तुमचा सत्कार पाहाले? खेळाडूच पाह्यजे ना? ही आहे की." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "आमचा डावा कोपरा होती. घ्या हिले."

मी म्हटलं, "मी बातमी करायला आले."

"मॅच झाली तर करशीन ना बातमी."

तांड्याच्या कर्णधारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू राजूरची?"

"हो."

"मंग आमच्याकडून खरं खेळशीन का?"

"खेळीन."

मग तिनं पोलीस भरतीला गेलेल्या मुलीची जर्सी आणि ट्रॅक पँट माझ्या हातात दिली. मला आता कोणी विचारलं की तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं, तर खरं सांगायचं म्हणजे फार काही नव्हतं. तीन वर्षांत मी मैदानात पाय टाकला नव्हता. ओल्या मातीचा वास येत होता आणि माझे पाय चपलेत थांबायला तयार नव्हते. एवढंच.

कपडे बदलून आले आणि गळ्यातलं प्रेसचं ओळखपत्र चाचांकडे ठेवायला दिलं. त्यांनी ते वाचून विचारलं, "कहाँ की हो बेटा?" मी राजूर म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच माइक उचलला आणि सगळ्या मैदानाला कळवलं, की देखिए, आज राजूर की लडकी राजूर के खिलाफ खेल रही है. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजूरच्या मुली हसल्या. तांड्याच्या मुली हसल्या नाहीत.

त्या मैदानात एकमेकींशी गोरबोलीतच, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतात. समोरच्या टीमला काही कळू नये हा फायदाच. पण मलाही कळणार नव्हतं, म्हणून उजव्या कोपऱ्याला खेळणाऱ्या मुलीनं मला घाईघाईनं तीन शब्द शिकवले. 'आव' म्हणजे ये. 'धर' म्हणजे धर. 'मत' म्हणजे नको. मी म्हटलं, हे तर मला येतंच होतं. ती म्हणाली, "मंग झालं की. तुले गोरबोली येते." तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यातलं कोणी माझ्याशी हसून बोललं.

सामना सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांत माझा दम गेला. मी दोनदा चुकीच्या वेळी पुढे गेले आणि दोनदा बाद होऊन रेषेबाहेर बसले. तांड्याच्या कर्णधारानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग हळूहळू अंग आठवू लागलं. राजूरच्या एका नव्या मुलीचा घोटा माझ्या हातात आला आणि बाकीच्या सगळ्या जणी तिच्यावर अशा आल्या, की मी खालून ओरडत होते, उठा. उजव्या कोपऱ्यानं मला हात देऊन उठवलं आणि पाठीवरची माती झटकली. त्यानंतर मला कुठली टीम आपली, हा प्रश्न पडला नाही. समोर जी होती ती समोरची आणि माझ्या हाताला हात धरून उभी होती ती माझी.

एकदा माझी मैत्रीण चढाईला आली. तिची मान उजवीकडे झुकली, मी तिच्या डाव्या पायावर गेले आणि तिला धरलं. तिनं जमिनीवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघून म्हटलं, "तू तर पक्की बदमाश निघाली." ती बाद होऊन बाहेर गेली, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खेळातलं कळतं.

शेवटी शेवटी दोन्ही टीमचे गुण सारखे झाले. पंचांनी हात वर करून शेवटची चढाई दाखवली. चढाई राजूरची होती आणि आली माझी मैत्रीणच. आत येताना ती माझ्याकडे बघतच नव्हती. सगळा वेळ उजव्या बाजूला खेळत राहिली आणि एकदम वळून माझ्या बाजूला पाय टाकला. यावेळी मान झुकली नव्हती. तरी मी झेपावले आणि घोटा दोन्ही हातांनी धरला.

आजपर्यंत ती पकडली गेली की मागे ओढायची. यावेळी तिनं ओढलंच नाही. ती होती तशी मध्यरेषेच्या दिशेनं आडवी झाली, सापासारखी सरकली आणि हात लांब केला. तिच्या पायाला घाम होता, माती होती. माझे हात घोट्यावरून टाचेवर, टाचेवरून चवड्यावर आले. मी तिच्याबरोबर ओढली गेले. बाकीच्या जणी पोचेपर्यंत तिच्या बोटांची टोकं रेषेला लागली होती. शिट्टी झाली. राजूर एका गुणानं जिंकलं.

आणि नेमक्या त्याच क्षणी चाचांनी माइकवरून सांगितलं, "छोड दिया, छोड दिया. अपने गाँव की लडकी को कौन पकडता है भाई."

लोक हसले. मी तोंडातली माती थुंकत होते, त्यामुळं मला त्या वाक्याचं महत्त्व लगेच कळलं नाही. कळलं ते तांड्याच्या मुलींना जर्सी परत देताना. उजव्या कोपऱ्यानं जर्सी घेतली आणि नजर दुसरीकडे केली. कर्णधारानं हात मिळवला. "आली, खेळली, बरं झालं," एवढं म्हणाली. मी म्हटलं, "मी सोडली नाही." ती म्हणाली, "हाव." त्या होकारात काहीच नव्हतं. राजूरची गाडी तोपर्यंत आरडाओरडा करत निघून गेली होती.

संध्याकाळच्या बसनं यवतमाळला आले तेव्हा केसांत माती होती. चाचांच्या समालोचनासकट शेवटच्या चढाईचा व्हिडिओ माझ्या आधीच कार्यालयात पोचला होता. सरांनी तो मला दाखवला नाही. फक्त विचारलं, "तू बातमीदार म्हणून गेलती की खेळाडू म्हणून?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. शेवटचं वाक्य होतं: 'निर्णायक क्षणी तांड्याच्या डाव्या कोपऱ्याची पकड ढिली पडली.' सरांनी तिथं बोट ठेवलं.

"सोडली का तू?"

"नाही सर."

"मग 'ढिली पडली' काहून लिहिलं? त्यात संशय येते. हातातून सुटली ना? सुटली लिही."

त्यांनी तो प्रश्न एकदाच विचारला आणि माझं उत्तर खरं मानलं. पुढच्या आठवडाभरात असं करणारे ते एकटेच होते. बातमीत त्यांनी आणखी एक ओळ टाकली, की तांड्याकडून ऐनवेळी राजूरच्या एका माजी खेळाडूनं भाग घेतला. म्हणाले, "लपवायचं काही नाही. सांगून टाकलं की संपते."

ते संपलं नाही. शनिवारी मी राजूरला घरी गेले. फाट्यावर उतरले तर पानठेल्यावरच्या काकांनी हात उंचावला. "शाब्बास. गावाची लाज राखली." वसाहतीत शिरले तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी म्हणतच होती, पोट्टी काही आपल्या गावाले हरवणार नाही." घरी बाबा पंपावरची ड्यूटी करून आले होते आणि माझी वाट बघत होते. त्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ होता. त्यांनी तो माझ्यासमोर परत लावला आणि चाचांचं वाक्य आलं की आवाज वाढवला.

"काय बोलला तो माणूस. एक नंबर."

"बाबा, मी सोडली नाही. सुटली."

"हाव, हाव," बाबा डोळा मिचकावत म्हणाले. "बाहेर असंच सांगजो."

"बाहेर नाही, खरंच."

"मले समजते ना पोरी. तू पेपरमध्ये आहे. तुले तसं बोलता येत नाही."

आई आतून म्हणाली, "सोडली तर सोडली. त्यात काय एवढं. घरात तरी कबूल कर."

मला इतका राग आला की सांगता येत नाही. शिव्या पडल्या असत्या तर चाललं असतं. मी राजूरच्या विरुद्ध खेळले, पकडी केल्या, त्याबद्दल कोणी बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण न केलेल्या गोष्टीचं कौतुक होत होतं, आणि ते कौतुक म्हणजे मी सहा मुलींना फसवलं असं होतं. त्यांच्यातल्या एकीनं माझ्या पाठीवरची माती झटकली होती. मी बाबांना हे समजावायला गेले, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवून घे."

तेवढ्यात मैत्रीण आली. पायरी चढताना लंगडत होती. तिला वाटलं होतं मी आल्या आल्या तिच्याकडे जाईन, गेले नाही म्हणून तीच आली. बाबांनी तिचं कौतुक सुरू केलं आणि त्यातच म्हणाले, "अन् हिनं पण साथ देल्ली."

"कायची साथ काका?"

"सोडलं ना तुले."

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघून तिला सगळं कळलं असावं. तिनं बाबांच्या समोरची खुर्ची ओढली, सलवार वर केली आणि पाय खुर्चीवर ठेवला. घोटा सुजून गोल झाला होता. तिथपासून बोटांपर्यंत चार लाल ओरखडे गेले होते, शेतात नांगराचे तास पडावेत तसे. सामन्याआधी पंच खेळाडूंची नखं तपासतात. मी ऐनवेळी आत गेल्यामुळं माझी तपासायची राहून गेली होती, आणि तीन वर्षांत मी ती थोडी वाढवली होती.

"हे पाहा काका. सोडलं असतं तर असं झालं असतं का? टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन आली मी."

बाबांनी पाय बघितला. चष्मा लावून परत बघितला. मग माझे हात बघितले.

"म्हणजे तू खरंच धरून राह्यलती?"

"तेच सांगते ना मघापासून."

"अन् ही निसटली नसती तर?"

"तर हरलो असतो."

"आपण?"

मी मैत्रिणीच्या पायाकडे बघितलं. "तुम्ही," म्हटलं.

बाबा उठले, टीव्ही लावला आणि ताट घेऊन तिकडे तोंड करून जेवायला बसले. मैत्रीण तोंड दाबून हसत होती. आईनं तिला हळद गरम करून दिली. आता घरात सगळ्यांचा विश्वास बसला होता आणि वातावरण आधीपेक्षा बिघडलं होतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर आम्ही दोघी गच्चीवर बसलो. मैत्रीण म्हणाली, "तांड्यावाल्यांना पण असंच वाटून राह्यलं असंल ना?" मी हो म्हटलं. तिनं मोबाइलच्या उजेडात पायाचा फोटो काढला. "पाठव त्यांच्या कर्णधाराले. नंबर आहे ना तुझ्याजवळ? बातमीसाठी घेतला असशीन."

फोटो पाठवला. खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. थोड्या वेळानं तिकडून आवाजी संदेश आला. त्यात चार-पाच जणी एकदम गोरबोलीत बोलत होत्या आणि हसत होत्या, मला शिकवलेल्या तीन शब्दांपैकी एकही त्यात नव्हता. मग दुसरा आला, मराठीत, एकट्या कर्णधाराचा.

"आमाले पहिल्या दिवशी वाटलं होतं की तू सोडली. मंग आमी तो व्हिडिओ पाहत बसलो गंज वेळा. तू धरली होती, ते दिसते. पण तू ओरडली काय ते ऐक. आमी आलो नाही कारण आमाले समजलंच नाही."

मी काही ओरडले होते, हेच मला आठवत नव्हतं. आम्ही व्हिडिओ परत लावला आणि दोघींनी डोकी जवळ नेऊन ऐकला. चाचांचा आवाज सुरू होण्याच्या किंचित आधी, गर्दीच्या खालून, माझा आवाज येत होता: "भोंगा."

मैत्रीण इतकी हसली, की खालून आईनं काय झालं म्हणून विचारलं.

खाणीची पाळी बदलली की राजूरला भोंगा वाजतो आणि सगळे एकदम बाहेर पडतात. आमच्या टीमनं शाळेत असतानाच तो शब्द खुणेचा केला होता. कोपऱ्यानं पाय धरला की ओरडायचं भोंगा, म्हणजे सगळ्यांनी एकदम चढाईवालीवर जायचं. धर किंवा आव असं मी ओरडले असते तर तांड्याच्या सहा जणी लगेच आल्या असत्या. मी भोंगा ओरडले. त्या क्षणभर बघत राहिल्या. आणि ज्या एकीला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता, तिनं जीव खाऊन रेषेकडे हात टाकला.

"तेव्हा मले वाटलं, आता सगळ्या येतीन अंगावर," मैत्रीण डोळे पुसत म्हणाली. "म्हणून मी ओढलंच नाही, सरळ झोपली."

मी तांड्याच्या कर्णधाराला फोन लावला आणि भोंगा म्हणजे काय ते सांगितलं. ती ऐकून थोडी हसली. "म्हणजे हात आमच्याकडून खेळला," ती म्हणाली, "अन् तोंड राजूरकडून."

"तसंच झालं. माफ कर."

"माफ काय. शब्द आमीच कमी शिकवले."

आता हे बाबांना सांगावं की नाही, असा प्रश्न होता. मैत्रिणीनं तो सोडवला. जाता जाता ती त्यांच्यासमोर थांबली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. भोंगा हा शब्द ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"असं ओरडली तू?"

"ओरडले. मुद्दाम नाही."

"मुद्दाम नाही तेच तर," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा संध्याकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. सकाळी मी उठायच्या आत ते पानठेल्यावर जाऊन आले होते आणि वसाहतीत नवी गोष्ट सुरू झाली होती: पोरीनं सोडलं नाही, पोरगी प्रामाणिक आहे, पण शेवटच्या टायमाले तिच्या तोंडून गावच निघालं. ही गोष्ट निदान खरी होती, म्हणून मी ती अडवली नाही.

माझे तीन महिने संपले. सरांनी मला प्रमाणपत्र दिलं, आणि नंतर वणी भागातल्या खेळांच्या बातम्या पाठवशील का, असंही विचारलं. तेव्हापासून ते काम करते. राजूरचा सामना असला की मी सरांना आधीच कळवते आणि ते दुसऱ्या कोणाला तरी सांगतात. मग मी लोकांत जाऊन बसते.

तांड्याच्या मुली नंतर वणीला एका स्पर्धेत आल्या. यावेळी सातही होत्या. पोलीस भरतीवाली ग्राउंडमध्ये थोडक्यात राहिली होती आणि तो राग तिनं सगळा सामन्यात काढला. राजूर सरळ हरलं. मी राजूरच्या बाजूला बसले होते, माझ्या शेजारी बाबा होते. तांड्याच्या उजव्या कोपऱ्यानं एक सुंदर पकड केली तेव्हा माझ्या हातांनी टाळी वाजवली आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. सामना संपल्यावर तांड्याच्या मुली आमच्यापाशी आल्या, तेव्हा बाबांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला, आणि डाव्या कोपऱ्यावरच्या त्या पोलीस भरतीवालीला विचारलं, की पुढची भरती कधी आहे. परतताना मोटरसायकलवर मात्र घर येईपर्यंत मला ऐकवत होते, की मैदानाला उतार होता आणि तो नेमका राजूरच्या बाजूला होता.